आगामी आकर्षण

चित्रगृहाच्या दाराशी, तिकिटाच्या खिडकीला लागून, काचेची दोन उथळ कपाटे असत. एकात चालू खेळाची छायाचित्रे टाचलेली असत. दुसऱ्यावर ‘आगामी आकर्षण’ अशी अक्षरे रंगविलेली असत. खेळ पाहून बाहेर पडणारा प्रेक्षक, डोळे अजून अंधाराला सरावलेले असतानाच, त्या दुसऱ्या कपाटापाशी क्षणभर थबके. चित्रपटाचा इतिहास लिहिणारे बहुधा पहिल्या कपाटाचा इतिहास लिहितात: कोणता चित्रपट कधी लागला, किती आठवडे चालला, त्याला कोणते पदक मिळाले. दुसऱ्या कपाटाकडे फारसे कोणी वळत नाही. वर्ष सरत आले की नव्या वर्षी येणाऱ्या चित्रपटांच्या याद्या वृत्तपत्रे आजही छापतात आणि वाचक त्या आवडीने वाचतात. त्यांतील काही चित्रे वेळेवर येतात, काही उशिरा येतात, काही येतच नाहीत. याद्या रद्दीत जातात. परंतु एखाद्या काळी लोकांना काय मिळाले यापेक्षा त्यांना काय हवे होते हे जाणून घ्यायचे असेल, तर त्या रद्दीसारखे दुसरे साधन नाही.

पहिल्या खेळाची मात्र कोणी वाट पाहिली नव्हती. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली. तिकीट एक रुपया होते. त्याच दिवशीच्या वृत्तपत्रात जाहिरात आली आणि त्याच दिवशी खेळ झाला. ज्या वस्तूची कल्पनाच नाही तिची प्रतीक्षा तरी कोण करणार? प्रतीक्षेला थोडी ओळख लागते. पाहुणा अगदी अनोळखी असला तर त्याच्यासाठी कोणी दाराकडे डोळे लावून बसत नाही.

ही ओळख कशी करून द्यावी हे दादासाहेब फाळके यांना बरोबर उमगले होते. १९१२ मध्ये विलायतेहून यंत्रे घेऊन ते परतले तेव्हा भांडवलदाराला दाखविण्यासाठी त्यांच्यापाशी चित्रपट नव्हता, फक्त चित्रपटाची आशा होती. त्यांनी कुंडीत एक दाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून त्याचे रोप कसे वर येते ते पडद्यावर दाखविले. महिन्याभराची वाढ काही क्षणांत डोळ्यांसमोर उभी राहिली आणि पैसा उभा राहिला. भारतातील ‘आगामी आकर्षणा’चा हा पहिला नमुना म्हणण्यास हरकत नाही, फरक एवढाच, की तो सावकारासाठी होता, प्रेक्षकांसाठी नव्हता. प्रेक्षकांसाठी त्यांनी कथाच अशी निवडली की तिची ओळख करून देण्याची गरज नव्हती. राजा हरिश्चंद्र घरोघरी ठाऊक होता. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना चित्र दाखविण्यात आले आणि ३ मे १९१३ पासून गिरगावातील कॉरोनेशनमध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. तरीही चालकांना केवळ चित्रपटाच्या बळावर खेळ लावण्याचा धीर झाला नाही. चार रिळांच्या त्या चित्राबरोबर नाचगाणे, विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणाऱ्या एका कसरतपटूचे काम जोडून दिलेले होते. आठवड्यापुरता ठरविलेला खेळ पुढे वाढवावा लागला, तेव्हा हरिश्चंद्राला कसरतीच्या टेकूची गरज नाही हे सिद्ध झाले.

पुढील दहा वर्षांत प्रतीक्षेला रंग चढला, आणि तो अक्षरशः चढला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मुळात नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रांसाठी त्यांनी सचित्र भित्तिपत्रके काढली. तोपर्यंत जाहिरात म्हणजे अक्षरांची दाटी. आता भिंतीवर चेहरे आले, तलवारी आल्या, घोडे आले. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चे भित्तिपत्रक आजही उपलब्ध आहे आणि भारतीय चित्रपटांच्या जुन्यात जुन्या शिल्लक भित्तिपत्रकांत त्याची गणना होते. त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘सिंहगड’विषयी अशी आख्यायिका सांगतात, की चित्रगृहापुढील गर्दी पाहून सरकारला करमणूक कराची कल्पना सुचली. आख्यायिका खरी असो वा नसो, लोक कशाची वाट पाहतात इकडे सरकारचे लक्ष असते एवढे त्यातून दिसते.

खरी झुंबड उडाली ती १९३१ मध्ये. अर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीने बोलपट काढावयाचे ठरविले तेव्हा कलकत्त्याची मादन कंपनीही त्याच खटपटीत होती. बोलणारे पहिले चित्र कोणाचे, ही दोघांमधील शर्यत होती, म्हणून इराणींनी कामाचा फारसा बोभाटा होऊ दिला नाही. स्टुडिओ लोहमार्गाच्या जवळ होता. दिवसा गाड्यांचा खडखडाट ध्वनिमुद्रणात शिरे, म्हणून बरेचसे चित्रण मध्यरात्रीनंतर, आगगाड्या थंडावल्यावर होई. पात्रांच्या आसपास ध्वनिग्राहक लपवून ठेवावे लागत. नायक होते मास्टर विठ्ठल, मूकपटांतील साहसी कामांमुळे तरुणांच्या गळ्यातील ताईत. त्यांच्या जुन्या करारावरून वाद न्यायालयात गेला आणि त्यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडली. खटला जिंकला, परंतु पडद्यावर तलवार चालविणे वेगळे आणि उर्दू संवाद बोलणे वेगळे. बोलपटाच्या नायकाच्या वाट्याला बोलणे बेताचेच आले. ज्याच्या नावावर लोक वाट पाहत होते, त्याच्यापाशी नेमकी नवी वस्तूच, म्हणजे वाणी, नव्हती. एका युगाची लोकप्रियता दुसऱ्या युगात जशीच्या तशी नेता येत नाही याचा इतका रोकडा पुरावा क्वचितच मिळतो.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ लागला. सकाळपासून रस्ता माणसांनी भरून गेला. तिकिटासाठी रांग लावण्याची रीत अजून रुळली नव्हती. खिडकीशी जो पोचेल त्याला तिकीट, हाच कायदा. पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट चार-पाच रुपयांना विकले गेल्याचे सांगतात. त्या गर्दीतील बहुतेकांना कथेशी फारसे कर्तव्य नव्हते. राजाच्या दोन राण्या, फकिराचे भविष्य, हे सारे पारशी रंगभूमीवर अनेकदा पाहून झालेले होते. त्यांना ऐकावयाचे होते ते पडद्यावरील माणूस आपल्या भाषेत बोलतो कसा आणि गातो कसा. सात गाणी होती. डब्ल्यू. एम. खान यांनी फकिराच्या भूमिकेत गायिलेले गाणे हे भारतीय चित्रपटातील पहिले गाणे मानले जाते.

पुढच्याच वर्षी, ६ फेब्रुवारी १९३२ रोजी, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी भाषा पडद्यावर बोलू लागली. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे यांच्या मुखाने पुन्हा तीच हरिश्चंद्र-तारामतीची कथा. येथे तिथींची एक गंमत ध्यानात येते. ‘हरिश्चंद्र’, ‘आलम आरा’, ‘अयोध्येचा राजा’ आणि १२ डिसेंबर १९३६ चा ‘संत तुकाराम’, ही चारही चित्रे शनिवारी लागलेली आहेत. नव्या चित्राचा वार शुक्रवार, हा नियम जणू अनादि कालापासूनचा आहे असे आज वाटते; तो पुढे रूढ झाला.

‘संत तुकारामा’ने प्रतीक्षेचे क्षेत्र शहराबाहेर नेले. मुंबईत ते चित्र वर्षाहून अधिक काळ चालले. शहराची हौस फिटेपर्यंत तालुक्याला रीळ मिळत नसे आणि तालुक्यातून निघाले की जत्रेच्या तंबूत लागे. मुंबईची प्रतीक्षा संपे तेव्हा खेड्याची सुरू होई. बैलगाडीला दोन्ही बाजूंनी भित्तिपत्रके बांधून, पुढे ताशा लावून, हातपत्रिका उधळीत गाडी गावातून फिरे आणि पोरे मागून धावत. त्या प्रेक्षकाला रीळ झिजलेले, मध्येच तुटणारे मिळे. पण तो वर्षभर ऐकत आलेला असे, त्यामुळे तुटलेला भाग त्याच्या मनात आधीच भरून निघालेला असे. विष्णुपंत पागनीस पडद्यावर दिसताच हात जोडणारी माणसे नुसते चित्र पाहावयास आलेली नव्हती.

प्रतीक्षा आपोआप उपजते, तशी ती पैसे घालून पिकविताही येते. हा धडा मद्रासच्या एस. एस. वासन यांनी दिला. जेमिनीचा ‘चंद्रलेखा’ अनेक वर्षांच्या खटाटोपानंतर ९ एप्रिल १९४८ रोजी तमिळमध्ये आला. खर्च सुमारे तीस लाख रुपये सांगतात, आणि तो केवळ तमिळ प्रदेशातून वसूल होणे शक्य नव्हते. तेव्हा वासन यांनी त्याची हिंदी आवृत्ती केली आणि ती त्याच वर्षी डिसेंबरात साऱ्या देशापुढे ठेवली. उत्तरेकडील प्रेक्षकाला जेमिनी हे नावही ठाऊक नव्हते. पानभर जाहिराती, दिनदर्शिका, भित्तिपत्रके यांचा असा मारा झाला की अपरिचित प्रांतातील, अपरिचित नटनट्यांचे चित्र लोकांना आपलेच वाटू लागले. नगाऱ्यांवरील नृत्याची कीर्ती तर चित्र पोचण्याआधी पोचली. तेव्हापासून जाहिरातीचा खर्च हा भांडवलाचा भाग झाला.

याच्या उलट दोन उदाहरणे त्याच दशकाच्या अलीकडे-पलीकडे सापडतात. आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ ६ मार्च १९५३ रोजी लागला. त्याला ढोल-नगाऱ्यांची गरज नव्हती. साने गुरुजींचे पुस्तक वीस वर्षे घराघरांत वाचले आणि रडले जात होते. गुरुजी स्वतः १९५० मध्ये गेले होते. वनमालाबाई आणि माधव वझे यांच्याकडे प्रेक्षक पाहत होता तो मनातील श्याम आणि मनातील आई ताडून घेण्यासाठी. वाचकाच्या मनातील चित्राशी स्पर्धा करणे कोणत्याही दिग्दर्शकाला जड जाते. अत्रे त्यातून पार पडले आणि १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्या चित्राला मिळाले. दुसरे उदाहरण ‘पथेर पांचाली’चे. त्याची वाट जवळजवळ कोणीच पाहत नव्हते. सत्यजित राय १९५२ पासून, पैसा मिळेल तसे, ते काम करीत होते. शेवटी पश्चिम बंगाल सरकारने मदत केली. नावात पथ आहे म्हणून की काय, तो खर्च रस्तेसुधारणेच्या खात्यात टाकला गेला. दप्तरात योग्य शीर्षक नसले तर चित्रपटही रस्त्याच्या कामात बसविता येतो, हे शासनाचे कसब येथे सत्कारणी लागले. १९५५ च्या मे महिन्यात चित्र न्यूयॉर्कला दाखविले गेले, ऑगस्टात कलकत्त्याला लागले. पहिले काही दिवस चित्रगृह भरेना, मग एकमेकांच्या सांगण्यावरून भरू लागले.

परंतु प्रतीक्षेचा खरा बादशहा एकच. के. आसिफ यांनी १९४४ च्या सुमारास अनारकलीच्या कथेवर चित्र काढण्याचा संकल्प केला, आणि ‘मुगल-ए-आझम’ प्रेक्षकांपुढे आला तो ५ ऑगस्ट १९६० रोजी. संकल्प झाला तेव्हा देश पारतंत्र्यात होता. पहिल्या योजनेत चंद्रमोहन अकबर, सप्रू सलीम आणि नर्गिस अनारकली होत्या. देशाची फाळणी झाली आणि भांडवल घालणारे शिराज अली हकीम पाकिस्तानात गेले. १९४९ मध्ये चंद्रमोहन निवर्तले. जेवढे चित्रण झाले होते ते निरुपयोगी ठरले. असा संकल्प कोणत्याही व्यवहारी माणसाने सोडून दिला असता. आसिफ यांना शापूरजी पालनजी भेटले. ते इमारती बांधणारे गृहस्थ, चित्रपटाशी त्यांचा संबंध नव्हता, पण अकबराविषयी त्यांना आकर्षण होते. १९५० नंतर नवे अकबर पृथ्वीराज कपूर, नवे सलीम दिलीपकुमार, अनारकली मधुबाला आणि जोधाबाई दुर्गा खोटे, अशी मांडणी झाली.

वाट पाहणारा प्रेक्षक एवढा काळ रिकामा कसा राहील? १९५३ मध्ये फिल्मिस्तानने त्याच कथेवर ‘अनारकली’ काढून टाकला. नायिका बीना राय, नायक प्रदीपकुमार. संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे, आणि स्वर लता मंगेशकरांचा. तो तुफान चालला. ज्या कथेसाठी आसिफ एवढी वर्षे खपत होते तिचा शेवट साऱ्या देशाने पाहूनही घेतला. आश्चर्य हे की त्यामुळे ‘मुगल-ए-आझम’ची वाट पाहणे थांबले नाही. लोक आता कथेची वाट पाहत नव्हते. त्या माणसाच्या हट्टाचे पुढे काय होते याची पाहत होते.

हट्टाच्या वार्ता येतच होत्या. अंधेरीच्या मोहन स्टुडिओत शीशमहालाचे दृश्य उभारण्यास सुमारे दोन वर्षे लागली. रंगीत काच बेल्जियमहून आली, काच बसविणारे कारागीर फिरोझाबादहून आले. दिवे लावताच आरशांतून असा लखलखाट होई की चित्रण अशक्य वाटे. छायाचित्रकार आर. डी. माथुर यांनी दिव्यांचा थेट झोत टाळून परावर्तित प्रकाशावर ते साधले. लढाईच्या दृश्यांसाठी सैन्यातील जवान आणि घोडे मिळविण्यात आले. बडे गुलाम अली खाँ चित्रपटासाठी गाण्यास तयार नव्हते. आसिफ यांना परत पाठविण्यासाठी त्यांनी एका गाण्याचे पंचवीस हजार रुपये मागितले, आणि आसिफ यांनी ते तत्काळ कबूल केले. मधुबालेला हृदयविकार होता आणि तुरुंगातील दृश्यांत तिच्या अंगावर खऱ्या लोखंडी साखळ्या होत्या. तिची आणि दिलीपकुमारांची मने एव्हाना दुरावली होती. पडद्यावरील प्रणयात ते कोठे दिसत नाही.

शेवटी शेवटी रंगीत चित्रण आले. काही भाग रंगीत केल्यावर त्याची शोभा पाहून सारेच चित्र पुन्हा रंगात घ्यावे असे आसिफ यांच्या मनात आले. तेव्हा मात्र वितरकांचा धीर सुटला. त्यांनी नकार दिला आणि त्या नकारामुळेच चित्र एकदाचे पूर्ण झाले. कलावंतांच्या चरित्रांत व्यापाऱ्यांना नेहमी खलनायकाची भूमिका मिळते. या एका प्रसंगी तरी रसिकांनी त्यांचे ऋण मानावयास हवे.

मुंबई सेंट्रलजवळचे मराठा मंदिर चित्रगृह तेव्हा दोनच वर्षांचे होते. कोल्हापूरचे चित्रकार जी. कांबळे, ज्यांनी काढलेले शिवछत्रपतींचे चित्र पुढे महाराष्ट्र शासनाने अधिकृत म्हणून स्वीकारले, त्यांच्या कुंचल्यातून दर्शनी भागावरचे प्रचंड फलक उतरले. आगाऊ तिकीटविक्री सुरू होण्याच्या आधीपासून लोक चित्रगृहापुढे मुक्काम ठोकून होते. काही जण चार-पाच दिवस तेथेच झोपले, घरचे डबे तेथेच आले. जमाव लाखाच्या घरात गेल्याचे सांगतात. एरवी दीड रुपयाच्या आसपास असणारे तिकीट पहिल्या खेळाला शंभर रुपयांचे होते. रिळे शृंगारलेल्या हत्तीवरून आली. एकाच वेळी देशभरच्या दीडशे चित्रगृहांत चित्र लागले, हाही तेव्हाचा उच्चांक. मात्र सलीम त्या रात्री मराठा मंदिरात नव्हता. आसिफ यांच्याशी बिनसल्यामुळे दिलीपकुमार आले नाहीत.

त्याच चित्रगृहात ४ फेब्रुवारी १९७२ रोजी दुसरी एक दीर्घ प्रतीक्षा संपली. कमाल अमरोहींनी १९५६ मध्ये मुहूर्त केलेला ‘पाकिजा’ सोळा वर्षांनी आला. त्याचे संगीत देणारे गुलाम महंमद आणि छायाचित्रण करणारे जोसेफ विर्शिंग तोवर हयात नव्हते. मीनाकुमारी अत्यवस्थ असतानाही पहिल्या खेळाला आल्या आणि ३१ मार्चला गेल्या. त्यानंतर चित्रगृहे भरून वाहू लागली. राज कपूर यांचा ‘मेरा नाम जोकर’ सहा वर्षांनी, १९७० च्या डिसेंबरात आला आणि चार तासांच्या लांबीखाली दबला. आसिफ यांचेही पुढील स्वप्न, ‘लव्ह अँड गॉड’, अपुरे राहिले: नायक गुरुदत्त १९६४ मध्ये गेले, स्वतः आसिफ १९७१ मध्ये, नवे नायक संजीवकुमार १९८५ मध्ये. १९८६ साली ते चित्र जुळवून लावण्यात आले तेव्हा त्याची वाट पाहणारी पिढीच उरली नव्हती.

पुढे प्रतीक्षेला वेळापत्रक आले. आता चित्र सुरू होण्याआधी त्याची तारीख जाहीर होते. ईद, दिवाळी, नाताळ हे शुक्रवार निर्माते वर्षभर आधी आपापसांत वाटून घेतात. झलक हातातील दूरध्वनीवर येते. तरी जुनी युक्ती अजून चालते. १० जुलै २०१५ रोजी आलेल्या ‘बाहुबली’ने कथा ऐन खुनापाशी थांबविली आणि कट्टप्पाने बाहुबलीला का मारले हा प्रश्न २८ एप्रिल २०१७ पर्यंत साऱ्या देशाला पुरला. ‘सैराट’ची गाणी २०१६ च्या एप्रिलात चित्र लागण्यापूर्वीच गावोगावच्या वरातींत वाजत होती.

आणि ‘आलम आरा’? ज्याच्यासाठी गिरगावात पोलीस बोलवावे लागले त्या चित्राची एकही प्रत आज अस्तित्वात नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झाले. त्याचे शिल्पकार पी. के. नायर यांनी देशभर फिरून ‘हरिश्चंद्रा’ची रिळे मिळविली, पण हे चित्र काही त्यांच्या हाती लागले नाही. २००३ च्या संग्रहालयातील आगीत ते जळाले असा प्रवाद उठला तेव्हा नायर यांनी स्पष्ट सांगितले की ते संग्रहालयात कधी आलेच नव्हते. त्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिकाही निघाल्या नव्हत्या. शिल्लक आहेत ती काही छायाचित्रे आणि जाहिराती, म्हणजे दुसऱ्या कपाटातील सामान. मॅजेस्टिक चित्रगृहही आता नाही. त्याच्या दाराशी केशवराव कोठावळे यांनी पुस्तके विकावयास आरंभ केला होता आणि दुकानाला चित्रगृहाचेच नाव दिले होते. पुढे ती इमारतच त्यांनी विकत घेतली. गिरगावात आज मॅजेस्टिकचा पत्ता विचारला तर माणसे पुस्तकांच्या दुकानाकडे बोट दाखवितात.